मोटारसायकलीवरील पिशव्यांसाठी घरगुती आधार-चौकट

भाजीपाला, दूध, बियाणे, अवजारांचे सुटे भाग अशा लहानसहान मालाची ने-आण आता बहुतेक गावांत मोटारसायकलीवरून होते. सोय म्हणून बैठकीवरून दोन्ही बाजूंस दोन पिशव्या लोंबत्या सोडण्याची पद्धत सर्वत्र आढळते. ही पद्धत मुळात चांगली आहे. कारण बैठकीमागे उंच रचलेल्या ओझ्यापेक्षा बाजूंस खाली टांगलेले ओझे गाडी कमी डोलवते. परंतु पिशवीला आतून आधार नसेल, तर खड्ड्यातून जाताना ती आत झुलते. तिचे टोक किंवा सुटलेला बंद चाकाच्या आऱ्यांत अथवा साखळीत सापडला, की चाक एकाएकी जखडते व स्वार फेकला जातो. उजव्या बाजूस तापलेल्या सायलेन्सरला टेकून पिशवी जळण्याचे भय असते ते निराळेच.

लमाणांच्या बैलांच्या पाठीवर जी गोण असे, ती दोन्ही अंगांस सारखी भरलेली असे व तिच्याखाली खोगीर घातलेले असे. मोटारसायकलीलाही हाच न्याय लागू आहे. ओझे दोन्हीकडे समान हवे, आणि ओझे व चालते अवयव यांच्यामध्ये काहीतरी घट्ट आडोसा हवा. असा आडोसा गावातील वेल्डिंगच्या दुकानात अल्प खर्चात करून घेता येतो. त्याची रीत पुढे दिली आहे.

चौकटीचे काम कोणते?

ओझे पेलणे हे या चौकटीचे काम नव्हे. पिशव्यांचा भार बैठकीवरून जाणाऱ्या दोन रुंद पट्ट्यांवर पडावा. चौकटीने पिशवीला फक्त चाक, साखळी, शॉकअ‍ॅब्सॉर्बर व सायलेन्सर यांपासून दूर ठेवावे. हे ध्यानात ठेवल्यास चौकट हलकी करता येते व तिचे जोडही तुटत नाहीत.

चौकट कोठे बसवावी?

या कामात सर्वांत अधिक चुका येथे होतात. मोटारसायकलीचे मागचे चाक ज्यात बसवलेले असते, त्या भागाला मिस्त्री चिमटा म्हणतात. खड्डा आला की चाक, चिमटा व साखळीचे आवरण हे सर्व वर उचलले जाते. बैठक व मुख्य सांगाडा मात्र त्या मानाने स्थिर राहतो. चौकटीचे वरचे टोक सांगाड्याला व खालचे टोक चिमट्याला किंवा चाकाच्या आसाला जोडले, तर प्रत्येक धक्क्याला ती दोन्हीकडून पिळली जाते. अशी चौकट काही दिवसांत जोडावर तडकते, किंवा वाकून चाकात शिरते. म्हणून चौकटीचे सर्व पाय केवळ सांगाड्यालाच जोडावेत.

कोणता बोल्ट सांगाड्यावरचा आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. गाडी दोन्ही चाकांवर उभी करून एकाने बैठक जोराने दाबावी व दुसऱ्याने पाहावे. जो भाग बैठकीबरोबर खाली जातो तो उपयोगाचा; जो चाकाबरोबर जागीच राहतो तो वर्ज्य. साधारणपणे मागच्या पकडीचे बोल्ट व शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा वरचा बोल्ट या जागा सोयीच्या असतात. मागच्या पायटेकूचा आधार काही गाड्यांत सांगाड्यावर, तर काहींत चिमट्यावर असतो. म्हणून तो पारखूनच घ्यावा. पट्टी घातल्यावर नट पूर्ण बसला पाहिजे व त्याबाहेर बोल्टचे निदान दोन आटे दिसले पाहिजेत. तसे न झाल्यास ती जागा सोडावी. सांगाड्याला भोक पाडू नये किंवा वेल्डिंग करू नये. त्याने सांगाडा दुर्बळ होतो.

साहित्य

१० मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई सुमारे ४ मीटर, २५ × ३ मिलिमीटरची पट्टी सुमारे १ मीटर, ८ मिलिमीटरचे बोल्ट, स्प्रिंग वॉशर, रेड ऑक्साइड, रंग आणि सायकलची जुनी ट्यूब एवढे साहित्य पुरते. १० मिलिमीटर सळईचे वजन मीटरला सुमारे ०.६२ किलो असते. त्यामुळे पट्टीसह सर्व चौकट ३ किलोच्या आसपास भरते.

कृती

प्रथम जाड तार व पुठ्ठा घेऊन गाडीवरच नमुना करावा. प्रत्येक बाजूस ३५ सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर उंच असा आयत पुरेसा होतो. साडीगार्ड काढून त्या जागी चौकट बसवण्याचा मोह टाळावा. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात जाऊ नये यासाठी चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण असणे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने आवश्यक आहे.

बहुतेक गाड्यांत सायलेन्सर उजवीकडे असतो. त्या बाजूची चौकट इतकी वर घ्यावी की भरलेल्या पिशवीचा तळ सायलेन्सरपासून निदान ८ सेंटिमीटर दूर राहील. डावी चौकटही त्याच उंचीवर ठेवावी, म्हणजे तोल साधतो. दोन्ही पिशव्या लावल्यावर गाडीची रुंदी हँडलच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नये. दिवे, इंडिकेटर व क्रमांकाची पाटी झाकली जाता कामा नये.

नमुन्याबरहुकूम सळई नळीभोवती गोलाईने वाकवावी. काटकोनात ठोकून वाकवल्यास ती तेथेच चिरते. प्रत्येक आयतात दोन उभ्या सळया जोडाव्यात, म्हणजे पिशवी मधून आत फुगत नाही. पायांसाठी पट्टीचे तुकडे जोडावेत. शेवटी दोन्ही चौकटी मागील बाजूने एका आडव्या सळईने एकमेकींस बांधाव्यात. ही आडवी सळई अत्यंत महत्त्वाची आहे. तिच्यावाचून चौकटींच्या खालच्या कडा ओझ्याने हळूहळू चाकाकडे वळतात.

वेल्डिंग नेहमी चौकट गाडीवरून उतरवूनच करावे. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी उडवणे धोक्याचे आहे, आणि विजेच्या वेल्डिंगने गाडीतील विद्युत उपकरणेही बिघडतात. जोड घासून त्यांवर रेड ऑक्साइड व नंतर रंग द्यावा. पिशवी जेथे टेकते तेथे ट्यूब गुंडाळावी. रासायनिक खत सांडल्यास चौकट लगेच धुवावी, कारण खताच्या ओलाव्याने लोखंड लवकर गंजते.

ओझे किती असावे?

प्रत्येक बाजूस १० ते १२ किलोंहून अधिक ओझे या चौकटीवर नेऊ नये. १० लिटर दुधाचेच वजन १० किलोंहून थोडे अधिक भरते. युरियाची ४५ किलोंची गोणी एका बाजूस टांगणे तर सर्वथा अयोग्य होय. शिवाय गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल भारात स्वार, सोबती, चौकट व माल हे सर्व धरावे लागतात. पुस्तिकेत १३० किलो भार दिला असेल आणि दोघांचे वजन मिळून १२० किलो असेल, तर चौकटीचे ३ किलो वजा जाता मालासाठी ७ किलोच उरतात.

पिशव्या आसाच्या मागे जाऊ देऊ नयेत. दोन चाकांतील अंतर १२५ सेंटिमीटर असलेल्या गाडीवर ३० किलो ओझे मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे ठेवले, तर पुढच्या चाकावरील भार ७ किलोंनी घटतो. त्याने हँडल हलके पडून वळणावर गाडी हाती राहत नाही. कीटकनाशक व खाण्याचा माल एका पिशवीत कधीही नेऊ नये.

परीक्षा

चौकट बसवल्यावर दोन्ही पिशव्यांत १० किलो वाळू भरावी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावे व कोठे घासते का ते पाहावे. नंतर गाडी स्टँडवरून उतरवून बैठक वरखाली दाबावी व पुन्हा पाहावे. मग सावकाश दोन किलोमीटर फिरून नट आवळावेत. १०० किलोमीटरनंतर व पुढे दरमहा नट व जोड तपासावेत. जोडावर केसाएवढी भेग दिसली तरी चौकट उतरवून दुरुस्त करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी एक चौकट करवून घेऊन ती सभेच्या वेळी शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावी, आणि बैठक दाबून सांगाडा व चिमटा यांतील भेद त्यांच्या हातूनच तपासून घ्यावा. हा एक भेद नीट उमगला, म्हणजे उरलेले काम गावचा मिस्त्री सहज करू शकेल.