शुभेच्छापत्रावर मुक्या सोबत्याचे पाऊल

नाताळ जवळ आला म्हणजे शहरांतील दुकानांत रंगीत शुभेच्छापत्रांच्या माळा लागतात. इष्टमित्रांस छापील पत्र धाडण्याची ही चाल मात्र वाटते तितकी पुरातन नाही. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र पोचविणारी टपालव्यवस्था सुरू झाली आणि पत्रांचा पूर लोटला. त्या व्यवस्थेसाठी झटलेल्यांपैकी लंडनचे हेन्री कोल हे एक. १८४३ च्या नाताळात प्रत्येकास स्वहस्ते लिहिण्याइतकी सवड त्यांस उरली नाही, म्हणून जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून त्यांनी एक चित्र काढवून घेतले व त्याच्या हजारभर प्रती छापविल्या. एका प्रतीची किंमत एक शिलिंग होती. मध्यभागी मेजाभोवती बसलेले कुटुंब, एका बाजूस भुकेल्यांस अन्न व दुसऱ्या बाजूस उघड्यांस वस्त्र दिले जात आहे, असे ते चित्र होते. त्यात एका लहान मुलाच्या ओठांशीही मद्याचा पेला दिसतो, म्हणून मद्यपानाच्या विरोधकांनी त्यावर बराच गहजब केला.

तेव्हा छापील कार्डाचा जन्मच मुळी हाताचे श्रम वाचविण्यासाठी झाला. आता तर मोबाईलवर एकच मजकूर क्षणात पन्नास जणांस जातो. त्यास आमचा विरोध नाही. सोय ती सोयच. पण बोटीवर नोकरीस असलेला मुलगा, आखाती देशात राबणारा भाऊ किंवा दूर बडोद्यास दिलेली लेक यांस दुसऱ्याने रचलेल्या गोड ओळींची भूक नसते. त्यांस घर हवे असते. फोनवर आईबाबांची विचारपूस झाली की मुले हमखास विचारतात, "वाघ्या कसा आहे? मनीला पिले झाली का?" अशांसाठी घरच्या कुत्र्याचा वा मांजराचा पंजा उमटवून घरीच शुभेच्छापत्र करावे, असे आम्ही सुचवितो. छायाचित्रात वाघ्या बोटाएवढा होतो. ठशात तो आपल्या खऱ्या मापाने उतरतो, आणि पत्र हाती घेणाऱ्यास त्यावर बोट ठेवता येते. अक्षरओळख नसलेल्या आजीसही हे पत्र कोणाचे ते वाचून दाखवावे लागत नाही.

ठसा उमटविण्याचे काम जनावरे आपण होऊन फार पूर्वीपासून करीत आली आहेत. ब्रिटनमध्ये रोमन काळच्या भाजलेल्या कौलांवर व विटांवर कुत्र्यांचे पंजे आढळले आहेत; ओली कौले वाळत पडली असता कोणी मोती त्यांवरून चालून गेला असणार. एड्रियाटिक समुद्रकाठच्या दुब्रोव्हनिक शहराच्या दप्तरखान्यात १४४५ सालची एक हस्तलिखित वही आहे. तिच्या उघड्या पानांवरून शाईत पाय बुडालेले मांजर चालत गेले. लेखनिकाने त्याला काय म्हटले असेल ते सांगावयास नको. पण ते काळे पंजे आज पावणेसहाशे वर्षे टिकून आहेत. शेणाने नुकत्याच सारवलेल्या अंगणात हे दृश्य आपल्या गृहिणींनीही किती वेळा पाहिले आहे! तेथे रागे भरण्याजोगे ते पाऊल कागदावर मात्र जपून ठेवण्याजोगे होते.

ठसा घेण्यापूर्वी पंजा नीट पाहून घ्यावा. कुत्र्याच्या पावलास चार बोटांच्या चार लहान गाद्या व त्यांच्या मागे एक मोठी गादी असते. आतल्या अंगास वर असलेले पाचवे नख जमिनीस टेकत नाही, म्हणून ते ठशात येत नाही. कुत्र्याची नखे सदैव बाहेर असतात, त्यामुळे बोटांपुढे त्यांचे टिंब उमटते. मांजर चालताना नखे आत ओढून घेते. त्याचा ठसा गोल व बिननखी येतो. पुढचा पंजा बहुधा मागच्याहून मोठा असतो, तेव्हा ठशासाठी तोच घ्यावा.

आता रंग. सर्व काळजी येथेच घ्यावयाची आहे, कारण कुत्रा असो वा मांजर, पायास काही लागले की ते चाटल्यावाचून राहत नाही. जे पंजास लागेल ते पोटात जाणार असे धरूनच चालावे. तैलरंग, बुटांचे पॉलिश, शिक्क्याची शाई, आळता, चुना यांतील काहीही वापरू नये. आणि लागलेला रंग काढण्यासाठी रॉकेल किंवा टर्पेंटाईन तर कधीच नाही. फिनेलच्या पाण्याने पाय पुसणे मांजरास विशेष घातक, कारण तसली द्रव्ये त्याच्या शरीरास पचवून बाहेर टाकता येत नाहीत. शाळकरी मुलांसाठी पाण्यात कालवावयाचे जे रंग मिळतात, त्यांपैकी बाटलीवर विषारी नसल्याचे लिहिलेला रंग चांगला. तो नसेल तर तांदळाच्या पिठाची खळ शिजवून गार करावी व तीत साध्या लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड कालवावी; दह्याइतकी दाट झाली की पुरे. हळदीचा पिवळा ठसाही फार सुरेख येतो, पण हळदीचा रंग उन्हाने विटतो. जे पत्र वर्षानुवर्षे भिंतीवर राहावे अशी इच्छा असेल, त्यास कोळसाच बरा. हळद वापरल्यावर साबणाने पाय धुताना पाणी लाल झालेले पाहून मुले रक्त निघाले म्हणून घाबरतात; हळदीस साबण लागला की असे होतेच.

हे काम घरच्या, माणसाळलेल्या जनावरापाशीच करावे. रस्त्यावरचे कुत्रे कितीही गरीब दिसले तरी मुलांनी त्याचा पाय धरू नये. घरच्या कुत्र्यासही रेबीजची लस दरसाल टोचलेली असावी. इतके करूनही दात वा नख लागलेच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्या जागी हळद, तिखट वा चुना भरीत बसू नये. पंजास चीर, फोड किंवा गोचिडाची जखम असेल तर ठशाचा बेत पुढे ढकलावा.

जेवण होऊन जनावर सुस्तावले असेल ती वेळ उत्तम. ओल्या फडक्याने पंजा पुसून कोरडा करावा. बोटांमधील केस ओले राहिले तर रंग फाकतो. ताटलीत चौपदरी फडके ठेवून त्यावर रंग पसरावा व पंजा त्यावर हलकेच टेकवावा. पुढे बहुतेक जण कुत्र्याचा पाय ओढून कागदावर दाबतात. कुत्रा पाय आखडतो, ठसा फरफटतो आणि दोघेही चिडतात. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्यावर कागद ठेवून तो पुठ्ठाच खालून पंजास लावावा व क्षणभर धरून सरळ खाली घ्यावा. त्याच्या ओळखीचे माणूस डोके खाजवीत शेजारी असावे. पहिला ठसा रंगाने थबथबतो; त्याच रंगात घेतलेला दुसरा व तिसरा बहुधा अधिक रेखीव. तिसऱ्यानंतरही जनावर पाय देत नसेल तर थांबावे. सणाच्या आनंदासाठी मुक्या प्राण्यास जेरीस आणणे आम्हांस मुळीच पसंत नाही. लगेच कोमट पाण्याने पंजा स्वच्छ धुवावा व सुकवून मगच त्यास मोकळे सोडावे. नाहीतर पुढचे ठसे गोधडीवर मिळतील.

वीस पत्रे धाडावयाची असतील तर वीस वेळा पंजा रंगवू नये. एका चांगल्या ठशावरून अर्ध्या बटाट्याच्या कापल्या बाजूवर आकृती कोरावी आणि उरलेली पत्रे त्या ठोकळ्याने छापावी. खरा ठसा घरापासून सर्वांत दूर असलेल्यासाठी राखून ठेवावा.

ठसा तसाच ठेवला तरी शोभतो, पण मुलांस त्यातून चित्र करू द्यावे. कागद उलटा फिरवला की मोठी गादी वर येते व चार बोटे खाली जातात. तिला एका बाजूस डोके व कान काढले की झाले मेंढरू! अशी तीन-चार मेंढरे व एक गव्हाण रेखाटली की ख्रिस्तजन्माचा गोठा तयार. ज्यांच्या घरी कुत्रे-मांजर नाही त्यांनी कोंबडी धरावी. तिची तीन बोटे पुढे व एक मागे उमटते. पाच-सहा पावले वर्तुळात टेकविली तर बेथलेहेमचा तारा होतो. कोंबडी मात्र दोघांनी धरावी लागते.

पत्र सावलीत रात्रभर वाळू द्यावे. खळीचा थर जाड राहिला तर घडीवर तडकतो, म्हणून ठसा घडीपासून दूर घ्यावा आणि वर एक कोरा पातळ कागद ठेवून पाकिटात घालावे. आत मजकूर थोडाच लिहावा, पण घरचा लिहावा: विहिरीला पाणी किती आहे, पायरीचा आंबा मोहरला की नाही, आजीचा खोकला कसा आहे.

मागील बाजूस जनावराचे नाव, वय आणि साल घालण्यास विसरू नये. कुत्र्याचे आयुष्य बहुधा दहा ते पंधरा वर्षांचे. परदेशी असलेल्या मुलाच्या दोन सुट्ट्यांच्या मध्ये ते संपूनही जाते. ज्यांच्या दारात वाघ्या म्हातारा झाला आहे, त्यांनी याच नाताळाला त्याचा पंजा उमटवून घ्यावा, आणि त्याची एक प्रत घरीही ठेवावी.