बेटावरचा पेला स्वस्त की महाग? बंगळुरूच्या पर्यटकाने आधी पाहावा तो कायदा

बंगळुरूहून सुटीसाठी समुद्राकडे निघणाऱ्या पर्यटकाच्या मनात ऊन, वाळू आणि माडांच्या सावलीबरोबर स्वस्त मद्याचीही अपेक्षा असते. ती निराधार नाही; मात्र ती सर्वत्र सारखी फळास येत नाही. एकाच विमानतळावरून निघालेला एक प्रवासी अशा ठिकाणी उतरतो, जेथे बाटली घरच्यापेक्षा निम्म्याहून कमी दरात मिळते. तर दुसरा अशा बेटावर पोहोचतो, जेथे ती जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. मद्यालयाचा मालक, समुद्राचे दृश्य किंवा आसनांची ऐट यांच्यापेक्षा त्या भूमीवर लागू असलेला कायदा पेल्याची किंमत अधिक ठरवतो. स्वस्त मद्यालयाचा शोध त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच सुरू करावा लागतो.

बंगळुरूत मद्य महाग का?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य हा राज्यसूचीतील विषय आहे. मद्याची निर्मिती, वाहतूक व विक्री यांचे नियमन आणि त्यावरील उत्पादन शुल्क व विक्रीकर हे राज्यांच्या अधिकारात येते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाही पिण्याचे मद्य त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. परिणामी साबण किंवा बिस्किटांप्रमाणे मद्याची किंमत देशभर जवळपास सारखी राहत नाही. राज्याची सीमा ओलांडली की ती बदलते.

कर्नाटकात घाऊक वितरणाची मक्तेदारी २००३ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक राज्य पेय महामंडळाकडे आहे. मद्याच्या मूळ किमतीनुसार टप्पे पाडून अतिरिक्त उत्पादन शुल्क आकारण्याची पद्धत राज्याने दीर्घकाळ चालवली. जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात तेव्हाच्या सर्व १८ टप्प्यांवरील हे शुल्क २० टक्क्यांनी वाढवण्यात आले. बिअरवरील अतिरिक्त शुल्क १७५ टक्क्यांवरून १८५ टक्क्यांवर गेले आणि पुढेही ते चढतच राहिले. २०२५-२६ या वर्षासाठी राज्याने उत्पादन शुल्कातून ४० हजार कोटी रुपयांचे लक्ष्य ठेवले होते. एवढी रक्कम ज्या कराकडून अपेक्षित आहे, तो कर सहजासहजी खाली येत नाही.

या कराचे वजन २०२३ मध्ये इंटरनॅशनल स्पिरिट्स अँड वाइन्स असोसिएशन ऑफ इंडिया या उद्योगसंस्थेने केलेल्या तुलनेतून दिसते. गोव्यात १०० रुपयांना मिळणारी मद्याची बाटली महाराष्ट्रात २२६ रुपयांना, तर कर्नाटकात ५१३ रुपयांना पडते, असे त्या तुलनेत म्हटले होते. किमतीतील कराचा वाटा गोव्यात ४९ टक्के, तर कर्नाटकात ८३ टक्के सांगितला होता. याचाच अर्थ गोव्याच्या १०० रुपयांत ४९ रुपये कर आहे आणि कर्नाटकच्या ५१३ रुपयांत सुमारे ४२६ रुपये. करापूर्वीच्या रकमेतील फरक तुलनेने किरकोळ ठरतो. ही आकडेवारी कर कमी व्हावेत असे म्हणणाऱ्या उद्योगाची आहे, हे अर्थातच ध्यानात ठेवावे. प्रत्येक प्रकारच्या मद्याला हेच प्रमाण लागू पडत नाही. बिअरच्या बाबतीत तफावत बरीच कमी असते. तथापि कल कोणत्या दिशेला आहे, याविषयी शंका उरत नाही.

शहरातल्या शहरातही किंमत परवान्यानुसार बदलते. सीएल-२ परवान्याच्या दुकानात आणि एमएसआयएल या सरकारी कंपनीच्या विक्रीकेंद्रात छापील दर लागतो. सीएल-९ परवान्याचे ‘बार अँड रेस्टॉरंट’ किंवा सीएल-७ परवान्याचे हॉटेल स्वतःच्या दरपत्रकाने विकते. ब्रिगेड रोडवर किंवा इंदिरानगरात पेल्यासाठी मोजलेल्या पैशांत राज्याचा कर, जागेचे भाडे आणि संगीताचा खर्च अशा तिन्ही गोष्टी येतात.

गोवा: बेट नसूनही बेट

बंगळुरूपासून रस्त्याने सुमारे पावणेसहाशे किलोमीटरवर असलेला गोवा हा साऱ्या नियमाला अपवाद वाटतो, त्याचे मूळ इतिहासात आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा वारसा त्याच्याकडे नव्हता. गावातील तावेर्न आणि काजूची भट्टी हा तेथील अर्थव्यवहाराचा जुना भाग होता. पुढे पर्यटन वाढल्यावर कर कमी ठेवून पाहुणा वाढवणे राज्याला परवडू लागले. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार आहे, तर कर्नाटकची ६ कोटींहून अधिक. लहान राज्याला जे गणित जमते, ते मोठ्याला जमेलच असे नाही.

गोवा हे बेट नव्हे, हे खरे. परंतु राजधानी पणजी ज्या तिसवाडी तालुक्यात आहे, तो मांडवी, झुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांनी वेढलेला आहे. त्याला लागूनच मांडवीत दिवाडी आणि चोडण ही बेटे आहेत. जुन्या गोव्याहून दिवाडीला आणि रायबंदरहून चोडणला फेरीबोट जाते. पायी प्रवाशाला तिचे भाडे पडत नाही. स्वस्त पेल्याच्या शोधात बागा-कळंगुटच्या गर्दीत फिरणाऱ्या पर्यटकाने ही फेरीबोट एकदा तरी पकडावी, असे सुचवावेसे वाटते. किनाऱ्यावरील झगमगत्या मद्यालयात पाहुणा जागेचे भाडे भरत असतो. गावातील लहान बारमध्ये मात्र शेजारी बसलेल्या शेतकऱ्याला परवडेल असाच दर ठेवावा लागतो. दरपत्रक भिंतीवर खडूने लिहिलेले असेल, खाणे म्हणून तळलेली मासळी किंवा पाव मिळेल, आणि दुपारी दार बंदही सापडेल. गोव्यात दुपारची झोप गांभीर्याने घेतली जाते.

किनाऱ्यावरील शॅक हा मधला पर्याय आहे. ही हंगामी बांधकामे असून पावसाळ्यापूर्वी ती काढावी लागतात; म्हणून जून ते सप्टेंबर या काळात स्वस्त हॉटेल मिळाले तरी शॅक मिळत नाही. शॅकमध्ये बसण्यापूर्वी पेगचे माप ३० मिलिलिटरचे आहे की ६० मिलिलिटरचे, हे विचारून घ्यावे. दोन ठिकाणच्या दरांची तुलना करताना सर्वाधिक फसगत येथेच होते.

देयक तपासण्याची सवयही उपयोगी पडते. खाद्यपदार्थांवर वस्तू व सेवा कर लागतो, मद्यावर तो लागत नाही. सेवाशुल्क देयकात आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये जारी केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. ते शुल्क नाकारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे; बक्षिसी ही वेगळी गोष्ट.

गोव्यात खरोखर स्वस्त आणि तेथेच मिळणारे म्हणावे असे पेय परदेशी बाटलीत नसते. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूच्या बोंडांचा रस आंबवून त्याचे ऊर्ध्वपातन केले की प्रथम हुर्राक मिळते आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर फेणी तयार होते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. हुर्राक मार्च ते मे एवढ्याच काळात मिळते, कारण ती टिकत नाही. लिंबाचे शीतपेय, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून ती घेतली जाते. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण १५ टक्के, तर फेणीत ४० टक्क्यांच्या वर असते. हुर्राकीच्या मापाने फेणी पिणारा पाहुणा स्थानिकांच्या विनोदाचा विषय होतो, आणि कधी कधी रुग्णालयाचाही.

स्वस्त पेला महाग केव्हा होतो?

गोव्यातील दोन नियम पर्यटकांना वारंवार नडतात. उघड्यावर, म्हणजे किनाऱ्यावर किंवा रस्त्याकडेला, मद्यपान करण्यास पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने बंदी घातली. तेव्हा व्यक्तीला २ हजार आणि समूहाला १० हजार रुपये दंड ठरवण्यात आला होता. २०२५ मध्ये तो आणखी वाढवण्यात आला. दुसरा नियम देशभराचा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहनचालकाला पहिल्याच गुन्ह्यासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. भाड्याची स्कूटर घेऊन एका बारमधून दुसऱ्या बारकडे जाण्याचा बेत आखणाऱ्याने पेल्यावरची बचत या रकमेशी ताडून पाहावी. अपघाताची किंमत तर कोणत्याच दरपत्रकात नसते.

परतीच्या वाटेवरचा प्रश्न याहून गंभीर आहे. गोव्यात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ती केवळ गोव्यात विक्रीसाठी असल्याचे छापलेले असते. हे मद्य शेजारच्या राज्याचा कर न भरता तेथे नेणे म्हणजे त्या राज्याच्या दृष्टीने तस्करी ठरते. कारवार मार्गावर माजाळीला, लोंढ्याच्या मार्गावर अनमोडला आणि सिंधुदुर्गात बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाके आहेत. वाहनांची झडती तेथे नित्याची आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी २०२२ मध्ये, गोव्यातून वारंवार मद्य आणणाऱ्यांवर मोक्का लावण्याचा इशारा दिला होता. मोठ्या तस्करासाठी असलेल्या या नाक्यावर दोन बाटल्या घेऊन येणारा सहलीचा प्रवासीही अडकतो. मित्रांसाठी म्हणून घेतलेली बाटली जप्त होते, गाडी अडकते आणि सुटीचा शेवटचा दिवस कागदपत्रांत जातो. मद्य न्यायचेच असेल, तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आधी घ्यावा.

विमानप्रवाशांचा एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. २४ ते ७० टक्के मद्यार्काचे मद्य मूळ सीलबंद बाटलीत, नोंदणीकृत सामानातून प्रत्येकी ५ लिटरपर्यंत नेता येते, असा विमानवाहतुकीचा नियम आहे. पण तो विमानाच्या सुरक्षिततेचा नियम आहे, कराचा नव्हे. कंपनीने बाटली विमानात चढवली म्हणजे कर्नाटकने ती स्वीकारली, असे होत नाही.

इतर बेटांचे काय?

गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली राहिलेले दीव हे खरेखुरे बेट आहे. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळेपर्यंत ते गोव्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग होते. दारूबंदी असलेल्या गुजरातला ते खेटून असल्याने तेथील मद्यालये शेजाऱ्यांनी भरलेली असतात. बंगळुरूकराला मात्र ते आडवाटेचे पडते.

अंदमानला बंगळुरूहून थेट विमान जाते. तेथे अंदमान व निकोबार बेटे एकात्मिक विकास महामंडळाची मद्याची दुकाने आहेत आणि त्यांत छापील दर लागतो. स्वराज द्वीपावरील, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवरील, रिसॉर्टमध्ये तीच बाटली बरीच महाग पडते.

लक्षद्वीपची गोष्ट उलट आहे. मार्च २०२४ च्या अखेरीस बंगळुरू ते अगत्ती ही थेट विमानसेवा सुरू झाली, तेव्हा अनेकांना गोव्याचा पर्याय सापडल्यासारखे वाटले. परंतु तेथे दारूबंदी लागू असून, वस्ती नसलेल्या बंगाराम बेटावरील पर्यटनकेंद्र हाच त्याला अपवाद राहिला आहे. तेथील समाज बहुसंख्येने मुस्लिम आहे आणि ही बंदी उठू नये, अशी स्थानिकांची भूमिका २०२१ नंतरच्या वादात स्पष्टपणे पुढे आली. सामानात बाटली लपवून नेणे म्हणजे यजमानाच्या घरात त्याचाच नियम मोडणे होय.

मालदीवमध्येही वस्तीच्या बेटांवर मद्य मिळत नाही; ते केवळ रिसॉर्टवर आणि पर्यटकांच्या बोटींवर मिळते. बाहेरून आणलेली बाटली मालेच्या विमानतळावर काढून घेतली जाते आणि परतताना परत दिली जाते. रिसॉर्टच्या दरपत्रकात दरापुढे दोन अधिकचिन्हे दिसली, तर त्यांचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि पर्यटन कर असा असतो. हा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. स्वस्त खोलीसाठी वस्तीचे बेट निवडणाऱ्याला मद्य मिळत नाही आणि मद्यासाठी रिसॉर्ट निवडणाऱ्याला स्वस्त खोली मिळत नाही.

श्रीलंकेत माडाच्या ताडीपासून केलेला अरक हा तेथील परवडणारा प्रकार आहे. मात्र प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’च्या दिवशी, देशभर मद्यविक्री बंद असते. परदेशातून परतताना शुल्कमुक्त म्हणून प्रौढ प्रवाशाला २ लिटर मद्य आणता येते. ही सवलत देशांतर्गत प्रवासाला लागू नाही, त्यामुळे गोव्याहून किंवा अंदमानहून येणाऱ्याला ती मागता येत नाही.