घोट्याचा सांधा बदलला, पण पोटरीचं काय?

गुडघा बदललेली माणसं आता गावोगाव दिसतात. घोटा बदललेला माणूस क्वचितच भेटतो. गुडघा बहुतेक वेळा वयाने झिजतो, घोट्याचं तसं नाही. गाडीवरून पडून किंवा पाय मुरगळून झालेली जुनी मोड वर्षांनी सांधा खाते. त्यामुळे पेशंट बऱ्याचदा कामाच्या वयातलाच असतो.

ऑपरेशनमध्ये नडगीच्या हाडाचं खालचं टोक आणि त्याखालच्या हाडाचा माथा तासून धातूचे भाग बसवतात, मधे प्लास्टिकचा तुकडा. बहुतेकांचं दुखणं चांगलंच कमी होतं, पाऊल लांब पडतं. घरचे खूश होतात.

अडचण पुढे आहे. दुखऱ्या पायावर माणूस वर्षानुवर्षे नीट भार देत नाही, त्यात पोटरी वाळते. टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या तर फरक दिसतो. चालताना चवड्याने जमीन रेटून अंग पुढे ढकलायचं काम पोटरीचंच. सांधा नवा आला तरी स्नायू जुनेच राहतात. ऑपरेशन झालेल्यांच्या चालीच्या तपासण्यांत दिसलंय की ताकद वाढते, पण बऱ्याच जणांत ती वर्षांनंतरही दुसऱ्या पायाच्या बरोबरीला येत नाही. डांबरी रस्त्यावर हे कळत नाही. चढावर, जिन्यात, नांगरलेल्या रानात लगेच कळतं. उकिडवं बसणंही अनेकांना अवघड जातं, कारण नवा सांधा मूळच्या निरोगी सांध्याइतका वाकत नाही.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा. डॉक्टरांनी पूर्ण भार टाकायला सांगितल्यावर भिंत धरून दोन्ही टाचा उचलायच्या, जमेल तसं एका पायावर यायचं. सोबत एका पायावर तोल धरायचा सराव. हे महिनोन् महिने चालू ठेवावं लागतं. आपल्याकडे मात्र दुखणं थांबलं की व्यायाम थांबतो.

पोती उचलणाऱ्याने, ऊसतोड करणाऱ्याने आधीच डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगावं. जड ओझ्याने कृत्रिम सांधा लवकर झिजू किंवा ढिला पडू शकतो. अशांना कधी कधी घोट्याची हाडं जोडून टाकायचा सल्ला मिळतो. तो घोटा हलत नाही, पण ओझं सोसतो. ताण मात्र शेजारच्या सांध्यांवर जातो. शुगरमुळे पाय बधिर असतील किंवा तंबाखू-विडी चालू असेल तर तेही लपवू नये, जखम भरायला त्रास होतो.

बरं झालेला घोटा काही वर्षांनी पुन्हा दुखायला किंवा सुजायला लागला, तर मालिश न करता आधी एक्स-रे काढून घ्यावा.