‘च’च्या भाषेची ध्वनिव्यवस्था

कृत्रिम भाषांचा विचार करताना अभ्यासकांपुढे बहुधा १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेली एस्पेरान्तो येते. तिच्या अठ्ठावीस वर्णांची योजना निर्मात्याने विचारपूर्वक केलेली आहे. महाराष्ट्रातील मुले खेळात वापरतात ती ‘च’ची भाषा मात्र निराळ्या प्रकारची कृत्रिम भाषा होय. तिला स्वतःचे ध्वनी नाहीत. ध्वनी मराठीचे, केवळ त्यांचा क्रम नवा. त्यामुळेच मराठी बोलणारा आपल्या शब्दाचे तुकडे कोठे पाडतो, हे तिच्यावरून पाहता येते.

या भाषेचा नियम सोपा आहे. शब्दातील पहिले अक्षर शेवटी न्यावयाचे व आरंभी ‘च’ जोडावयाचा. ‘माझा’चे ‘चझामा’ होते, ‘घरी’चे ‘चरीघ’ होते. ‘मी’सारख्या एकाक्षरी शब्दात हलविण्याजोगे काही उरत नसल्याने ‘चमी’ एवढेच होते.

परंतु ‘अक्षर’ या शब्दाने येथे नेमके काय समजावयाचे? लेखनातील अक्षर आणि एका झटक्यात उच्चारला जाणारा अवयव या दोन वस्तू भिन्न आहेत. ‘घर’ या शब्दात अक्षरे दोन, पण अन्त्य ‘अ’ उच्चारला जात नसल्याने अवयव एकच. अवयव हलत असता तर ‘घर’चे ‘चघर’ झाले असते. प्रत्यक्षात होते ते ‘चरघ’. म्हणजे एकाच अवयवाचे स्वराच्या पुढे दोन तुकडे पडतात. मागे राहिलेला ‘र’ ‘च’ला चिकटतो आणि ‘चर्-घ’ असा उच्चार होतो. शेवटच्या ‘घ’मधील ‘अ’ स्पष्ट उच्चारावा लागतो, ही गोष्टही लक्षणीय आहे. कारण नेहमीच्या मराठीत असा शब्दान्तीचा ‘अ’ सहसा लोप पावतो. फ्रेंचमधील ‘व्हेर्लां’ या उलट्या बोलीचे नाव ‘लांव्हेर’ (उलट बाजू) या शब्दाचे दोन अवयव उलटून बनले आहे. तेथे अवयव अखंड राहिला. येथे तो फुटतो.

उदाहरणांची निवड या विवेचनात निर्णायक ठरते. मुंबई-गोवा रस्ता जेथे फुटतो त्या पळस्पे गावाचे नाव घ्यावे. त्याचे ‘चळस्पेप’ होईल. पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ‘प-ळस्-पे’ या उच्चारातील पहिला अवयव व लेखनातील पहिले अक्षर दोन्ही ‘प’च आहेत. शेजारच्या पनवेलचे तसे नाही. अवयव हलला तर ‘चवेलपन्’, अक्षर हलले तर ‘चनवेलप’.

तथापि ‘चनवेलप’ हे रूप मिळाले तरी प्रश्न पुरता सुटत नाही. त्याची दोन कारणे संभवतात. व्यंजन व त्यापुढील स्वर यांचा जोड हाच कानाला एकक वाटत असेल. किंवा बाराखडी घोकलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे ‘प’ हे लिहिलेले अक्षर उभे राहत असेल. ही दोन कारणे वेगळी करण्यास ‘पंढरपूर’ हा शब्द उपयोगी आहे. ‘पन्-वेल’ आणि ‘पण्-ढर्-पूर’ या दोहोंत पहिला अवयव अनुनासिकाने बंद होतो. परंतु एकात ते स्वतंत्र अक्षराने लिहिले जाते, दुसऱ्यात अनुस्वाराने. केवळ कानाने चालणारा खेळाडू दोन्ही अनुनासिके मागेच ठेवील व ‘चंढरपूरप’ म्हणेल. लेखनाने चालणारा अनुस्वार अक्षरासह उचलील व ‘चढरपूरपं’ म्हणेल.

म्हणून शाळकरी मुलांच्या रूपांवरूनच मराठीच्या ध्वनिव्यवस्थेविषयी अनुमाने काढणे धोक्याचे आहे. ती कदाचित देवनागरीची व्यवस्था असेल. हीच शब्दांची जोडी अक्षरओळख न झालेल्या मुलांकडून व निरक्षर प्रौढांकडून वदवून घेतली, तरच त्या खेळात कानाचा वाटा किती आणि लिपीचा किती, याचा निवाडा करता येईल.