खेळण्यातली जुनी रेल्वे स्टेशने: पारख, मोल आणि रुजलेले गैरसमज

खेळण्यातल्या आगगाडीभोवतीचे स्टेशन, सिग्नल केबिन, फाटक, पूल, दिव्याचे खांब आणि फलाटावरची शिशाची माणसे या सर्वांना संग्राहक ‘ॲक्सेसरीज’ म्हणतात. त्यांचा पाया 1891 साली घातला गेला. त्या वर्षी जर्मनीतल्या ग्योपिंगेनच्या मार्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांची, हवी तशी वाढवता येणारी रेल्वे मांडली. गाडी एकदा घ्यायची आणि पुढे दर नाताळला तिच्यात एखादे स्टेशन, एखादा सिग्नल यांची भर घालायची, ही त्यामागची कल्पना होती. न्यूरेंबर्गच्या बिंग आणि कारेट, लिव्हरपूलच्या हॉर्नबी, अमेरिकेतल्या आइव्ह्ज आणि लायोनेल या कंपन्यांनीही हीच वाट धरली. आज या वस्तू माळ्यावरून किंवा जुन्या बाजारातून पुन्हा हाती येतात, तेव्हा त्यांच्याबद्दलच्या काही ठाम समजुतीही सोबत येतात. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात.

सर्वांत घट्ट रुजलेला समज म्हणजे जुने ते महाग. वयावरून किंमत ठरत नाही. ती ठरते किती नग शिल्लक आहेत आणि ते किती जणांना हवे आहेत यावर. लायोनेलचा फाटकवाला याचे चांगले उदाहरण आहे. गाडी जवळ आली की झोपडीचे दार उघडून तो कंदील घेऊन बाहेर येतो. हे खेळणे 1935 मध्ये आले, युद्धानंतर थोड्या बदलांसह पुन्हा निघाले आणि इतके विकले गेले की चांगल्या अवस्थेतला नगही आज सहज मिळतो. त्याच कंपनीचा 300 क्रमांकाचा ‘हेल गेट’ पूल 1928 ते 1942 या काळात बनला. न्यूयॉर्कच्या खऱ्या पुलावरून घेतलेला हा पूल मोठा आणि महागडा होता, म्हणून तो मोजक्याच घरांत पोहोचला. त्याची आजची मागणी त्यामुळेच आहे. आधीच्या प्रतींत क्रीम आणि हिरवा रंग आहे, नंतरच्या प्रतींत फिकट पांढरा, चंदेरी आणि लाल. वस्तू एकच असली तरी रंगानुसार बाजारभाव बदलतो.

दुसरा गैरसमज नावांबाबत आहे. खोक्यावर ‘बॅसेट-लोक’ लिहिलेले असले की वस्तू इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनची, असे धरले जाते. बॅसेट-लोक ही मुख्यतः विक्री करणारी पेढी होती, आणि तिचा बराच माल बिंग व कारेट यांच्या न्यूरेंबर्गच्या कारखान्यांतून यायचा. स्टेशन आणि गाडी एकाच कंपनीची असलीच पाहिजेत असेही नाही. ब्योब्लिंगेनची किब्री कंपनी स्टेशने, केबिन असेच सामान बनवण्यासाठी ओळखली जात होती आणि ते इतरांच्या गाड्यांशेजारी मांडले जाई. स्टेशनावर लिहिलेले गावाचे नाव तर आणखी फसवे. हॉर्नबीने एकाच पत्र्याच्या इमारतीवर विंडसर, मार्गेट, रिपन, रीडिंग अशी वेगवेगळी नावे दिली. त्या गावांच्या खऱ्या स्टेशनांशी त्या इमारतीचा संबंध नाही.

शिक्के आणि अक्षरांबाबतही असाच घोळ होतो. ‘डी. आर. जी. एम.’ ही अक्षरे अनेकांना कारखान्याचे नाव वाटतात, काहींना पेटंट. ती जर्मनीत 1891 च्या कायद्याने सुरू झालेल्या नोंदणीची खूण आहे. या नोंदणीने छोट्या तांत्रिक सुधारणेला तीन वर्षे, आणि मुदत वाढवल्यास आणखी तीन वर्षे, संरक्षण मिळे. म्हणून ही अक्षरे असलेली वस्तू 1891 च्या आधीची नाही, एवढेच त्यांवरून कळते. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द ब्रिटनच्या 1887 च्या कायद्यामुळे निर्यातीच्या मालावर येऊ लागले. ते नसतील तर वस्तू त्याआधीची, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण जर्मनीतच विकल्या जाणाऱ्या मालावर ते शब्द असण्याचे कारण नव्हते. ‘यू. एस. झोन जर्मनी’ हा शिक्का मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची मोजकी वर्षे नेमकी दाखवतो.

रुळाच्या मापावरून ओळख पटवण्याचा प्रयत्नही बहुधा वाया जातो. ‘ओ’ गेजचा रूळ 32 मिलिमीटरचा आणि ‘एक’ गेजचा 45 मिलिमीटरचा, पण स्टेशन रुळावर चढत नाही. जुन्या कारखानदारांनी प्रमाणाची फारशी फिकीर केली नाही, आणि एकच इमारत दोन्ही मापांच्या गाड्यांना चालून जाई.

खरी ओळख पटते ती स्टेशन उलटे करून पाहिल्यावर. या वस्तू कल्हई केलेल्या पातळ लोखंडी पत्र्याच्या असतात. सुरुवातीच्या नगांचे सांधे डाग देऊन जोडलेले आणि रंग हाताने दिलेला. नंतर पत्र्यावर आधीच लिथो छपाई होऊ लागली आणि भाग जोडण्यासाठी पत्र्याच्या जिभा खाचेतून काढून वळवल्या जाऊ लागल्या. ही जीभ भिंगाखाली नीट पाहावी. कारखान्यात ती एकदाच वळलेली असते आणि वळणावर रंगाला एकच बारीक तडा असतो. दोनदा वळवलेली जीभ मऊ पडते, तिच्या मुळाशी चमकता पत्रा उघडा पडतो आणि कधी कधी ती तुटते. असे दिसले तर वस्तू कधीतरी उघडली गेली आहे. क्रॉस खाचेचा स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर रुळला. 1910 च्या मानल्या जाणाऱ्या स्टेशनात तो आढळला, तर निदान तेवढा भाग तरी बदललेला आहे. लायोनेलच्या मालात आधी पितळी पट्ट्या आणि त्याच दशकाच्या मध्यापासून निकेलच्या, हाही काळ ठरवण्याचा उपयोगी धागा आहे. बिंग आणि मार्क्लिनच्या सुरुवातीच्या काही स्टेशनांत मेणबत्तीची बैठक असते. ती शाबूत असेल, छताच्या आतल्या बाजूला जुनी काजळी असेल, तर ती पुसू नये. तीच त्या वस्तूची साक्ष आहे. पुढे कोणी तिथे भोक पाडून विजेचा दिवा बसवला असेल, तर मोल घटते.

रंग पुन्हा दिला की किंमत वाढते, ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. ओरखडे असलेला मूळ रंग नव्या गुळगुळीत रंगापेक्षा संग्राहकाला नेहमी प्रिय असतो, कारण मूळ रंग एकदा गेला की परत आणता येत नाही. गंज काढण्याच्या नादात लिथो छपाई खरवडणे हीदेखील तशीच न भरून येणारी हानी आहे. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत असा पत्रा झपाट्याने गंजतो, तेव्हा कोरडी जागा आणि मऊ ब्रश एवढे पुरते. ओतीव जस्ताच्या भागांना पडणाऱ्या भेगांचे कारण वेगळे. मिश्रधातूत शिसे मिसळले गेल्याने हे भाग आतून फुगतात आणि चिरतात, आणि ते थांबवता येत नाही. शिशाच्या बाहुल्यांवर येणारी पांढरी भुकटी ओकसारख्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांमुळे येते. ती विषारी असते, म्हणून मुलांच्या हाती या बाहुल्या देऊ नयेत.

छोट्या वस्तूंना कमी लेखणे हाही गैरसमजच. हॉर्नबीच्या कारखान्याने 1931 मध्ये ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ नावाने स्टेशनमास्तर, हमाल, प्रवासी अशा शिशाच्या बाहुल्या काढल्या. 1934 मध्ये याच मालिकेचे नाव ‘डिंकी टॉइज’ झाले. मूळ खोक्यात दोरीने बांधलेला पूर्ण संच अनेकदा मोडक्या स्टेशनापेक्षा मोलाचा ठरतो. खोक्याला इतके महत्त्व असल्याने नकली खोकेही निघतात. 1950 नंतरच्या कागदात चमक आणणारी द्रव्ये सर्रास आली. त्यामुळे युद्धपूर्व म्हणून दाखवलेले लेबल अतिनील दिव्याखाली निळसर उजळले, तर ते नंतरचे समजावे.

राहिला किमतीचा प्रश्न. विक्रेत्याने मागितलेला आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. खरा आधार पूर्ण झालेल्या लिलावांतल्या बोलींचा, आणि त्याही सारख्याच अवस्थेतल्या नगांच्या. अवस्था मोजण्यासाठी 1954 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची श्रेणी वापरली जाते. तिच्यात ‘सी-10’ म्हणजे अगदी नवा कोरा नग, आणि खोक्यासाठी ‘पी’ अक्षराची वेगळी श्रेणी आहे. बोलीवर लिलावगृह खरेदीदाराकडून वेगळी रक्कम घेते आणि विकणाऱ्याच्या हाती कमिशन वजा होऊन पैसे येतात. म्हणून विम्यासाठी तशीच वस्तू पुन्हा विकत घेण्याचा खर्च धरतात आणि विक्रीसाठी हाती उरणारी रक्कम. एकाच स्टेशनाचे हे दोन आकडे वेगळे निघतात आणि दोन्ही बरोबर असतात.