वाटाड्या यंत्राची पारख

श्रावणात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुके उतरले आणि दहा पावलांवरचा सोबतीही दिसेनासा झाला, म्हणजे कोकणकड्याची धार आपल्या उजव्या अंगास आहे की डाव्या, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. अशा प्रसंगी हाताशी असावे म्हणून जीपीएस यंत्र घेण्यास गेलेला बेताच्या मिळकतीचा गृहस्थ दुकानातील किमतींची तफावत पाहून गोंधळतो, आणि जे महाग तेच अचूक अशी समजूत करून घेऊन एक तर ऐपतीबाहेर खर्च करतो, नाही तर रिकाम्या हाताने परततो. ही समजूत दूर व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणारे अमेरिकेचे जीपीएस उपग्रह आपले स्थान आणि अणुघड्याळाने मोजलेली वेळ अखंड प्रक्षेपित करीत असतात. तो संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून आपल्या हातातील यंत्र प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते, आणि अशी किमान चार अंतरे मिळाली म्हणजे अक्षांश, रेखांश व उंची निश्चित करते. तिन्ही गोष्टींसाठी तीन उपग्रह पुरतील असे वाटेल. परंतु सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो, आणि खिशातल्या यंत्रात अणुघड्याळ नसते, म्हणून त्याचे घड्याळ दुरुस्त करून घेण्यास चौथा लागतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकी सरकार नागरी संदेशात हेतुपुरस्सर चूक मिसळीत असे. ती प्रथा बंद झाल्यापासून साध्या यंत्रासही मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांच्या फरकाने स्थान सांगता येते. तात्पर्य, आकाशातून येणारी खबर सर्वांस सारखीच आणि विनामूल्य आहे. पैसे मोजावयाचे ते ती ऐकणाऱ्या कानाचे, आणि पुष्कळदा त्याहून अधिक त्या कानावरच्या दागिन्यांचे.

मोटार चालविणाऱ्यापाशी हा कान बहुधा असतोच, कारण आजच्या बहुतेक मोबाइल फोनांत तो बसविलेला असतो. घाटात रेंज गेली की जीपीएसही गेले, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तुटतो तो नकाशा पुरविणाऱ्या टॉवरशी असलेला संबंध, उपग्रहाशी असलेला नव्हे. म्हणून प्रवासाच्या मुलखाचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्यावा, एक भक्कम स्टँड आणि गाडीत चालणारा चार्जर घ्यावा. मग स्वतंत्र यंत्रावर खर्च करण्याचे प्रयोजन सहसा उरत नाही.

डोंगरातील गोष्ट निराळी. तेथे पाऊस फोनच्या पडद्यावरील बोटांचा स्पर्श चुकवितो आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरेलच अशी शाश्वती नसते. म्हणून बटणांचे, पेन्सिल सेलवर चालणारे आणि आयपीएक्स७ दर्जाचे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारे, लहान यंत्र येथे अधिक उपयोगी पडते. दुसरी मोलाची बाब ग्रहणशक्तीची. नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत डोक्यावर आकाशाची एक पट्टीच उरते आणि कातळावर आदळून येणारे संदेश यंत्राची दिशाभूल करतात. अशा ठिकाणी जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ किंवा भारताचे नाविक यांचेही उपग्रह ऐकणारे यंत्र अधिक भरवशाचे ठरते. या गुणांसाठी पदरचे चार पैसे अधिक घालावेत; रंगीत मोठा पडदा, कॅमेरा आणि परदेशांचे नकाशे यांच्यासाठी मात्र घालू नयेत, कारण भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा आणि यंत्राने दाखविलेले आकडे यांची सांगड घालण्यास किंचित अभ्यास पुरतो. तो नकाशा अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या एव्हरेस्ट पद्धतीचा असेल, तर यंत्राची मांडणी त्याप्रमाणे बदलून घ्यावी, नाही तर दोहोंची स्थाने जुळणार नाहीत.

परदेशातून यंत्र मागविणाऱ्याने कायद्याची एक बाब विसरू नये. केवळ संदेश ऐकणाऱ्या यंत्रास हरकत नाही. परंतु उपग्रहामार्फत संदेश धाडणारे यंत्र सरकारी परवान्याशिवाय भारतात बाळगणे हा गुन्हा आहे, आणि बाह्यतः दोन्ही सारखीच दिसू शकतात.

शेवटी, स्वस्त असो वा महाग, यंत्र आपल्याला परत नेऊ शकते ते आपण त्याला आधी दाखविलेल्या ठिकाणीच. म्हणून पावसाळ्यापूर्वी ओळखीच्या टेकडीवर त्याचा सराव करावा; आणि गडाच्या पायथ्याशी, ऊन स्वच्छ असताना व वाट पायाखाली स्पष्ट दिसत असताना, दोन मिनिटे थांबून त्या जागेची नोंद करून मगच पहिले पाऊल उचलावे. धुक्यात जे बटण आपण शोधणार आहोत, ते उन्हातच दाबून ठेवावयाचे असते.