मत दिल्यानंतर काय?

गेल्या लोकसभा निवडणुकीनंतरची गोष्ट. देगलूरजवळच्या एका खेड्यातून कॉलेजात येणाऱ्या मुलाने भर वर्गात विचारले, "सर, मत दिलं, बोटाला शाई लागली. आता पुढली पाच वर्षं आम्ही काय करायचं?" वर्ग हसला. मी राज्यशास्त्र शिकवतो. पण मला चटकन उत्तर देता आले नाही. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार आपण करू.

आमच्या आजोबांच्या काळी हा प्रश्न पडण्याचेच कारण नव्हते. देगलूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९३८ साली तिथे स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि लोकांनी सत्याग्रह केला. पुढच्या वर्षी निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्या खऱ्या. पण त्यांत प्रतिनिधित्व द्यायचे ते जहागीरदार, व्यापारी, शेतकरी अशा गटांना. साध्या माणसाला माणूस म्हणून मत नव्हतेच.

नेमक्या त्याच वर्षी, सातारकडच्या औंध या लहानशा संस्थानात एक वेगळीच गोष्ट घडत होती. संस्थान म्हणजे अवघी बहात्तर गावे आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या नोव्हेंबरात जाहीर केले की, कारभार प्रजेच्या हाती द्यायचा. राजपुत्र अप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून आलेले. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर त्यांच्या मदतीला होते. दोघांनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली.

तिची रचना शिडीसारखी होती. गावाने पाच पंच निवडायचे. गावपंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती, आणि तालुक्यातून निवडलेले प्रतिनिधी संस्थानच्या विधिमंडळात. वर बसलेला माणूस मुळात गावाचा पंच. सभा संपली की तो गावी परतणार, आणि चावडीवर चार माणसे विचारणार, "काय रे, काय ठरवून आलास?" त्याला तोंड चुकवायला जागा नव्हती. मला यातच औंधचे खरे मोल वाटते. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा प्रयोग संपला.

पण ती कल्पना संपली नाही. १९४६ साली वर्ध्याचे श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी स्वतंत्र भारतासाठी गांधीविचाराची घटना सुचवली, तीत हीच शिडी होती. १९५९ साली जयप्रकाश नारायण यांनीही तसाच आग्रह धरला. खालून वर रचना करा, म्हणजे दिल्लीचा कारभार लोकांचा होईल, असे त्यांचे म्हणणे.

मग आपल्या घटनाकारांनी हे का स्वीकारले नाही? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी स्पष्टच सांगितले की, मसुद्याने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला, याचा आपल्याला आनंद आहे. ज्यांनी गावकुसाबाहेरचे जिणे पाहिले, त्यांना या बोलण्याचा अर्थ फोड करून सांगायला नको. गावाच्या नावाने चारच घरे बोलत असतील, तर शिडीच्या वरच्या पायरीवरही तीच चार घरे पोचणार. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचे कलम ४० घटनेत घातले गेले. पण लोकसभेसाठी प्रत्येक प्रौढाचे मत थेटच राहिले.

शिडीचा दुसरा धोका शेजारी दिसला. पाकिस्तानात अयूबखानांनी १९५९ साली 'मूलभूत लोकशाही' आणली. लोकांनी खालचे ऐंशी हजार प्रतिनिधी निवडायचे, आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा. कोट्यवधी मतदारांवर दडपण आणणे अवघड. ऐंशी हजारांवर आणणे त्या मानाने सोपे. १९६५ साली फातिमा जिना यांच्याविरुद्ध अयूबखानच निवडून आले. आराखडा दिसायला औंधसारखाच, पण औंधात राजा सत्ता सोडत होता, आणि इथे लष्करशहा ती घट्ट धरत होता.

तेव्हा थेट मत सोडायचे नाही, हे पक्के. ते आपल्याला फार उशिरा आणि फार मोल देऊन मिळाले आहे. औंधकडून घ्यायचे ते निवडणुकीचे तंत्र नव्हे. घ्यायची ती खाली उत्तर देण्याची रीत.

आज खासदाराची मान कुणीकडे वळते ते पाहा. १९८५ साली पक्षांतरबंदीसाठी घटनेला दहावे परिशिष्ट जोडले. हेतू चांगला होता. आयाराम-गयारामांना आळा घालायचा होता. पण परिणाम असा झाला की, पक्षाचा आदेश मोडून मत दिले तर खासदारकी जाऊ शकते. मग शेतकऱ्याविषयीचे विधेयक आले आणि मतदारसंघाचे मत वेगळे असले, तरी तो बिचारा काय करणार?

म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे घटनेत दोन दुरुस्त्या हव्यात. पहिली: पक्षाचा आदेश सरकारवरील विश्वासाचा ठराव आणि अर्थविधेयके एवढ्यापुरताच बंधनकारक असावा, बाकी वेळी खासदाराने आपल्या विवेकाने आणि मतदारांना विचारून मत द्यावे. दुसरी: कायद्याचा मसुदा संसदेत येण्याआधी लोकांच्या भाषेत ग्रामसभेपुढे यावा, आणि सभांचे म्हणणे संसदेच्या पटलावर ठेवले जावे. मसुदे तीस दिवस लोकांपुढे ठेवावेत, असे केंद्र सरकारचे धोरण २०१४ पासून आहे. पण ते धोरण आहे, घटनेचे बंधन नाही. यासाठी नवी घटना लिहायला नको. कलम ३६८ ने दुरुस्तीची वाट ठेवलेलीच आहे.

कोणी म्हणेल, "सर, आमच्या ग्रामसभेला माणसं येत नाहीत. सह्या घरोघर फिरून होतात." खरे आहे. १९९३ साली त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, तरी चावडी पुष्कळदा रिकामीच असते. पण ज्या सभेत काही ठरतच नाही, तिथे रोज बुडवून कोण येईल? सभेच्या शब्दाला वजन आले, तर माणसे येतील. आणि माणसे येऊ लागली, तर वजन मागताही येईल. सुरुवात दोन्हीकडून व्हायला हवी.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे: पुढल्या ग्रामसभेला वरच्या वर्गातली मुले मागे सतरंजीवर बसवा. आणि वर्गात परत आल्यावर त्यांना विचारा, कोण बोलले, कोण बोलले नाही आणि का. त्या मुलाला मी उत्तर दिले ते असे: "बाळ, मत देणं ही पेरणी झाली. पेरून पाच वर्षं शेताकडे न फिरकणारा शेतकरी तू कुठं पाहिलास का?"